जर्मनीतलं एक वर्ष: वाया की कमाई?

प्रश्न : मुलगी दहावीनंतर विद्यार्थी देवाणघेवाण योजनेतून वर्षभर जर्मनीला जाऊ म्हणते. तिथली शाळा आपल्यापेक्षा खरंच चांगली असते का? इथलं वर्ष वाया जाईल का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : ‘चांगली की वाईट’ हा प्रश्न बाजूला ठेवा, व्यवस्था वेगळी आहे. आपल्याकडे फाटे दहावीनंतर फुटतात. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात (बर्लिनमध्ये सहावीनंतर). विद्यापीठाकडे नेणारी ‘गिम्नाझियम’, इतरांसाठी दुसऱ्या शाळा. दहा वर्षांच्या मुलाचा कल कुणी ओळखावा? यावर तिथेही वाद आहेच. पण व्यवसायशिक्षण तिथे कमीपणाचं मानत नाहीत. आठवड्यातले काही दिवस कारखान्यात, काही शाळेत, शिवाय हातात विद्यावेतन! हे मुलीने जरूर जवळून पाहावं.

वर्गात गप्प बसून चालणार नाही. तोंडी सहभागाला गुण असतात. लेखी परीक्षेत हुशार असलेली आपली मुलं इथेच अडखळतात. प्रगतिपुस्तकात १ दिसला तर घाबरू नका, तो सर्वोत्तम. ६ सर्वांत वाईट.

वर्षाचं म्हणाल, तर ते बहुधा मागे पडेल असंच धरून चाला. तिथल्या वर्षाच्या बदल्यात अकरावी सुटेल, असं तोंडी आश्वासन कुणी दिलं तर त्यावर विसंबू नका. जाण्याआधी महाविद्यालय आणि शिक्षण मंडळाकडून लेखी उत्तर घ्या, आणि जर्मनचा वर्ग आजच लावा.