एका माणसापुरते वाहन

शहरात एकट्या माणसाला कामावर जावयाचे असते, तेव्हा हलवावयाचा खरा भार साठ-सत्तर किलोग्रॅमचाच असतो. त्यासाठी हजार किलोग्रॅमची मोटारगाडी वापरली, तर खर्च होणाऱ्या ऊर्जेचा बहुतेक भाग गाडीचा स्वतःचा भार वाहण्यातच जातो. वाहनच हलके केले, तर एक लहानशी विद्युत् मोटर पुरेशी होईल, ही कल्पना येथूनच निघते. ती व्यवहारात उतरविणे किती कठीण आहे, हे ब्रिटनमधील एका प्रयोगावरून स्पष्ट होते.

विजेचे साहाय्य असलेली, पायडलने चालणारी व ताशी २४ किलोमीटरपर्यंतच धावणारी हलकी वाहने चौदा वर्षांवरील व्यक्तींना परवान्याशिवाय चालविण्याची मुभा तेथे १९८३ च्या नियमांनी दिली. गणकयंत्रे व घरगुती संगणक यांच्या निर्मितीमुळे ख्याती पावलेले सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी या सवलतीचा लाभ घेऊन जानेवारी १९८५ मध्ये ‘सी-५’ ही तीन चाकांची गाडी बाजारात आणली. तिची किंमत ३९९ पौंड होती. तीत २५० वॉटची मोटर व १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी होती. सुमारे १४,००० गाड्या तयार झाल्या. परंतु पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत आणि ऑगस्ट १९८५ मध्येच उत्पादन थांबले.

या अपयशाची दोन कारणे निरनिराळी ध्यानात घेतली पाहिजेत. पहिले कारण बॅटरीचे. शिसे-आम्ल बॅटरीत दर किलोग्रॅममागे जेमतेम ३० ते ४० वॉट-तास ऊर्जा साठते. म्हणजे अर्ध्या युनिट विजेसाठी सुमारे १५ किलोग्रॅमचे ओझे झाले. थंडीत तिची क्षमता आणखी घटते. आजच्या लिथियम-आयन बॅटरीत तेवढीच वीज तीन-चार किलोग्रॅममध्ये मावते. ही अडचण रसायनशास्त्राने बव्हंशी दूर केली आहे.

दुसरे कारण रस्त्याचे. सी-५ चे आसन इतके खाली होते, की बस व मालमोटारी यांच्यामध्ये चालक सहजी दिसत नसे; ऊन-पाऊसही त्याला थेट सोसावा लागे. या उणिवेवर बॅटरीतील सुधारणेचा काहीच उपाय चालत नाही.

भारतातही २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची हलकी दुचाकी विद्युत् वाहने काही अटींवर मोटार वाहनांच्या व्याख्येतून वगळली आहेत. त्यामुळे परवाना नसलेल्या किशोरालाही ती चालविता येतात. परंतु त्याच रस्त्यावर त्याच्या शेजारून भरलेला ट्रक दुप्पट वेगाने जात असतो. अशा वाहनांसाठी नगररचनाकारांनी स्वतंत्र व सुरक्षित मार्गिका आखली नाही, तर कायद्याने दिलेली सवलत त्या किशोराला धोक्यातच लोटील.