पंप उचलण्याआधी झावळी उलटून पाहा

पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की अष्टागरातल्या नारळ-पोफळीच्या वाड्यांवर रुगोज चक्राकार पांढऱ्या माशीचा जोर वाढू लागतो. भारतात ही कीड २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाची भागात प्रथम आढळली. झावळीखाली मेणकट पांढरी वलये, खालच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी पाहून बागायतदाराचा हात पंपाकडे जातो. त्याआधी खालची एक झावळी उतरवून सावलीत न्या आणि उलटी धरून निरखा.

पांढऱ्या थरात कचऱ्याचे बारीक पुंजके दिसतील. एकाच पुंजक्यावर दोन-तीन मिनिटे नजर ठेवा. तो आपणहून चालू लागला, तर ती जाळीदार पंखांच्या हिरव्या माशीची अळी आहे. शास्त्रज्ञ तिला अपर्टोक्रायसा अस्टर म्हणतात. पांढऱ्या माशीची पिल्ले शोषून झाली की त्यांची टरफले, मेण आणि तंतू ती पाठीवरच्या केसांत अडकवते आणि त्या ओझ्याआड शत्रूंपासून लपते. काडीने कचरा हळूच सारलात तर विळ्यासारखे दोन जबडे दिसतील. झावळीवर बारीक उभ्या देठांच्या टोकाला एकेक अंडे दिसले तर तेही याच माशीच्या कुळातले. ती बुरशी समजून पुसू नका. पांढऱ्या माशीची काळी पडलेली पिल्लेही राहू द्या, त्यांच्यात बहुधा एन्कार्सिया ही परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते.

पेरू-जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांतही असाच वेषधारी सापडतो. त्यांनाच खाणाऱ्या क्रिप्टोलिमस ढालकिड्याची अळी तशीच पांढरी, पण मेणाचे तंतू लांब, अंग मोठे आणि चाल चपळ. पिठ्या ढेकूण जवळपास जागचा हलत नाही.

असे मित्र दिसले तर रासायनिक कीटकनाशक फवारू नका. ते आधी यांना मारते आणि माशी पुन्हा उसळते. झावळ्यांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. प्रादुर्भाव फारच असेल तेव्हाच ०.५ टक्के निंबोळी तेल वापरा. काळ्या बुरशीवर १ टक्का स्टार्चचे द्रावण फवारले की ती पापुद्र्यासारखी सुटते. उतरवलेली झावळी जाळू नका, त्याच वाडीतल्या माशी लागलेल्या माडाच्या बुंध्याशी ठेवा, म्हणजे तिच्यावरचे मित्र वाडीतच राहतील. ओळख पटत नसेल तर फोटो काढून किल्ला-रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. फवारणी तोवर थांबवा.