पटवायचंय, तर आधी ऐकून घे

आगाशी, विरार (पश्चिम)

चि. भाचीस,

तुझा फोन आल्यापासून डोक्यात तोच विषय घोळतोय. केळी वाळवून सुकेळी करणाऱ्या बायकांना तू एकत्र बसवलंस, सोलर ड्रायरचा व्हिडिओ दाखवलास, आणि सगळ्या चहा पिऊन "बघू" म्हणत उठून गेल्या. तू चिडून म्हणालीस, "मामा, यांना स्वतःचं हित कळत नाही." हे वाक्य आधी मनातून काढून टाक. मनात असलं की ते चेहऱ्यावर येतं, आणि या बायका समोरच्याचा चेहरा वाचण्यात फार हुशार आहेत.

राजेळी केळं किती पिकलं म्हणजे सोलायचं, कुठल्या दिवसांत ऊन कसं लागतं, दव पडायच्या आत माल कधी झाकायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. तुझ्या व्हिडिओत सुरुवातीलाच उघड्यावरची धूळ आणि माशा आल्या. त्यांनी काय ऐकलं असेल? आजवर तुम्ही जे केलंत ते घाणेरडं होतं. तिथेच त्या मिटल्या. पुढचे सगळे आकडे वाया गेले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमाराला लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमिनीत विष भिनेल. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. आज आपल्याला ते खुळ्यासारखं वाटतं, पण ज्याचं वर्षाचं पोट त्या एका शेतावर, त्यानं घाबरू नये तर काय करावं? तुझ्या बायकांची भीती तर त्याहून रास्त आहे. रंग काळा पडला, चव गेली, आणि दादरचा व्यापारी "ही आगाशीची सुकेळी नव्हे" म्हणून भाव पाडू लागला, तर? हंगाम थोड्या महिन्यांचा. एकदा चुकलं की वर्ष गेलं, वर यंत्राचे हप्ते. तुझं फसलं तर तू नोकरी धरशील. त्यांना ती सोय नाही, म्हणून त्या वेळ घेतात.

तेव्हा आधी नुकसानीची जबाबदारी तू घे. केळी तू विकत घे. एकाच घडातली अर्धी नेहमीसारखी उन्हात, अर्धी ड्रायरमध्ये, आणि तेही त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच हातानं. माल बिघडला तर पैसे तुझे गेले, हे आधीच कागदावर लिहून दे. चव त्यांनीच बघायची, तू मध्ये बोलायचं नाही. त्यांनी खोट काढली तर लिहून घे आणि पुढच्या खेपेला दुरुस्त करून आण. स्वतः काढलेली खोट दुरुस्त झालेली दिसली की माणूस त्या कामात आपोआप गुंततं. मग तो ड्रायर तुझा एकटीचा राहत नाही.

आणि उन्हाशी स्पर्धा लावूच नकोस. अवकाळी पाऊस येतो, आभाळ भरून राहतं, अर्धा वाळलेला माल हातचा जातो, ही तक्रार त्यांची स्वतःची आहे. ड्रायर त्या दिवसांसाठी आहे, एवढंच सांग. ऊन असेल तेव्हा त्यांनी उन्हातच वाळवावं. ज्याला काही सोडावं लागत नाही, तो नवं घ्यायला लवकर तयार होतो.

विठ्ठलराव विखे पाटलांचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. त्यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये सुरू झाला, पण त्याच्या किती तरी आधीपासून ते लोणीत पतपेढीच्या कामात होते. शेतकऱ्यांनी शेअरचे पैसे दिले ते त्या जुन्या ओळखीवर. आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ. विखे पाटील त्या खुर्चीसाठी अडून बसले नाहीत. आपल्या वसईतही बसीन कॅथॉलिक बँक 1918 पासून उभी आहे ती अशाच माणसामाणसांतल्या विश्वासावर. तू गटाची अध्यक्ष व्हायचं म्हणत होतीस. नको होऊस. ज्यांच्या सुकेळीला बाजारात नाव आहे, त्यांना कर. तू हिशेब सांभाळ, आणि दर महिन्याला तो सगळ्यांसमोर वाचून दाखव. न विचारता दाखवलेला हिशेब लोकांच्या लक्षात राहतो.

पुन्हा सभा इतक्यात घेऊ नकोस. सभेत पहिली नाही म्हणाली की बाकीच्यांना हो म्हणणं अवघड होतं. घरोघर जा, दुपारची कामं उरकल्यावर, आणि सुनांशीच बोलून परत येऊ नकोस, सासवांपाशीही बस. सुरुवात कर त्या आजींपासून, ज्या सगळ्यांसमोर "काळी पडेल" म्हणाल्या. गप्प बसून उठून गेलेल्यांपेक्षा त्यांनी तुझं जास्त मनावर घेतलंय.

रविवारी ये. वाडीतला राजेळीचा एक घड मी पिकायला ठेवलाय. आजींकडे दोघं जाऊ. मी फक्त ओळख करून देईन, बोलायचं तू. लहान ड्रायर टेम्पोत घालून आण, आणि व्हिडिओ घरी ठेव.

तुझा,
मामा