ऑटोमॅटिक गाडीला टोचन लावताना

जाफराबादहून चिखली किंवा भोकरदनच्या रस्त्यावर कार बंद पडली, की सगळ्यात आधी मदतीला येतो तो ट्रॅक्टरवाला. माणूस भला, पण गाडी ऑटोमॅटिक असेल तर त्याची साखळी लावू देऊ नका. इंजिन बंद असलं की बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सांत तेल फिरत नाही. चाकं रस्त्यावर फिरवत नेलीत तर आतले भाग जळतात. घाबरू नका, एकेक करत जाऊ.

1. चारही इंडिकेटर लावा.

2. गाडी कडेला घ्या. हातभर ढकलायला हरकत नाही.

3. 'पी'मध्ये टाकून हँडब्रेक ओढा.

4. लाल त्रिकोण मागे लांब ठेवा. वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा.

5. गाडीची पुस्तिका उघडून 'टोइंग'चं पान वाचा. एएमटी (म्हणजे क्लच आपोआप चालणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) असेल तर न्यूट्रलमध्ये ओढायची मुभा असू शकते, पण तिथली वेग आणि अंतराची मर्यादा पाळा. बाकीच्यांना पुढच्याच पायऱ्या.

6. विम्याच्या पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन लावा. "ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेडच पाठवा," असं स्पष्ट म्हणा, नाहीतर हुकवाली क्रेन दारात! क्रेनच आली तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाकं उचलून घ्या आणि हँडब्रेक सोडा. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर क्रेन परत पाठवा.

7. फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीचा ट्रक, आला की डिकीतल्या हत्यारांतून टोइंग हुक काढा.

8. बंपरवरचं छोटं झाकण उघडा.

9. हुक पान्याने शेवटपर्यंत आवळा. अर्धवट बसलेला हुक उपटून गोळीसारखा सुटतो. बंपरला किंवा सस्पेन्शनला दोर बांधायचा नाही म्हणजे नाही.

10. चावी 'ऑन' करा, म्हणजे स्टिअरिंग अडकणार नाही.

11. ब्रेक दाबून 'एन'मध्ये घ्या. बॅटरी संपली असेल तर दांडा हलत नाही; बऱ्याच गाड्यांत त्याच्याजवळ बारीक खाच असते, पुस्तिकेत बघून तिच्यातलं बटण दाबा.

12. ट्रकचा दोर हुकला लागला की हँडब्रेक सोडा.

13. गाडी हळूहळू फ्लॅटबेडवर ओढून घ्यायला सांगा. तेव्हा मागे कोणीही उभं नको.

14. वर चढली की पुन्हा 'पी' आणि हँडब्रेक.

15. चारही टायर पट्ट्यांनी बांधून घ्या.

16. आत कोणी बसलंय का ते बघा. असेल तर उतरवा.

आणि गॅरेजात उतरवल्यावर कोणी "धक्का मारून बघू" म्हणालं तर थांबवा. ऑटोमॅटिक धक्क्यावर सुरू होत नाही.