खेळाची वही

नाशिकला रामकुंडावर यात्रेकरू आला, की तीर्थोपाध्याय त्याला प्रथम दोन गोष्टी विचारतात : गाव कोणते आणि आडनाव काय? मग कापडात बांधलेली जुनी वही निघते. गावाचे पान उघडते, त्यात कुळ सापडते आणि पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होते, हे पणतूस वाचावयास मिळते. त्याखाली तो आपल्या मुलाबाळांची नावे लिहवितो आणि आपल्या वाटेने जातो. माणसे येतात, जातात, वही राहते.

मुलांनो, तुमच्या आवडत्या खेळाच्या यंत्रात, म्हणजे कन्सोलमध्ये, हीच युक्ती योजलेली असते. या यंत्रास दोन प्रकारची स्मृती असते. खेळ चालू असताना लागणारी स्मृती फार चपळ. पण वीज गेली, की पाटीवर ओला बोळा फिरवावा तशी ती कोरी होते. दुसरी स्मृती सावकाश लिहिते, परंतु विजेवाचूनही लिहिलेले जपते. खेळाडूची प्रगती जतन करावयाची म्हणजे पहिलीतील निवडक गोष्टी दुसरीत उतरवावयाच्या. खेळ पुन्हा सुरू करताना त्या परत वाचून घ्यावयाच्या.

निवडक का? २०२० साली कन्सोलवर आलेला 'राजी' हा खेळ आपल्या पुण्यात तयार झाला. त्यात राजी नावाची मुलगी आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. अशा खेळातील महाल आणि वाटा खेळाबरोबर आलेल्याच असतात. त्या पुन्हा कशाला लिहावयाच्या? नायिका कोठवर पोहोचली, तिच्याजवळ काय आहे, कोणते दार उघडले, एवढ्या नोंदी पुरतात. उपाध्याय तरी गोदावरीचे वर्णन वहीत कोठे लिहितात?

पूर्वी इतकीही सोय नव्हती. १९८६ साली जपानात निघालेला 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ थांबताना वीस अक्षरांचा एक मंत्र दाखवी. मुले तो कागदावर उतरवून घेत आणि पुढच्या वेळी यंत्रास सांगत. एक अक्षर चुकले, की मंत्र फुकट! १९८७ साली अमेरिकेत आलेल्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा'च्या पेटीत तर एक चिमुकली बॅटरीच बसविली होती. यंत्र बंद झाले तरी ती नोंदींची स्मृती जागी ठेवी.

माझ्या नातवाने गेल्या सुट्टीत स्वतः एक लहानसा खेळ रचला. त्याची धाकटी बहीण तो रोज संध्याकाळी खेळे. एकदा ती अकराव्या दारापर्यंत पोहोचली, पडद्यावर 'जतन होत आहे' अशी अक्षरे उमटली आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. नवी नोंद जुनीच्याच जागी लिहिली जात होती. जुनी पुसली गेली, नवी अर्धीच राहिली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

"आजोबा, आता काय करू?" त्याने विचारले. मी म्हणालो, "शाळेत मी नवे रजिस्टर पुरते उतरवून ताडून पाहिल्याखेरीज जुन्याला हात लावू देत नसे." मला संगणकातले ओ की ठो कळत नाही, पण त्याला एवढे पुरले. त्याने दोन वह्या केल्या. नवी नोंद दुसऱ्या वहीत लिहावयाची आणि शेवटी सर्व अंकांची बेरीज मांडावयाची. ती वाचून ताळा जमला, तरच 'खरी वही ही' अशी खूण तिच्यावर करावयाची. तोवर पहिली जशीच्या तशी. खेळ उघडतानाही ताळा पाहावयाचा. तो चुकला, तर आधीची वही घ्यावयाची.

परीक्षा बहिणीने घेतली. 'जतन होत आहे' असे दिसताच तिने भिंतीवरचे बटण बंद केले. खोलीत कोणी बोलेना. यंत्र पुन्हा सुरू झाले, तेव्हा नायिका दहाव्या दाराशी उभी होती.

"एक दार मागे गेली," बहीण म्हणाली आणि खेळू लागली.