गुरांची सांथ आणि भरपाईचा न्याय

एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यांत सांथीचा रोग शिरला, तर इतरांच्या हितासाठीं त्याचीं जनावरें मारण्याचा अधिकार सरकारास असावा काय? आणि असल्यास त्याचें नुकसान कोणीं सोसावें? हा प्रश्न प्रथमदर्शनीं केवळ पैशाचा वाटतो. परंतु इतिहास पाहिला म्हणजे तो न्यायाचा व शहाणपणाचाहि आहे, असें आपणांस दिसून येईल.

आपल्याकडे ज्यास बुळकांड्या म्हणत, तो रोग एके काळीं गुरांचा काळच होता. १७१४ सालीं तो लंडनच्या आसपासच्या गोठ्यांत पसरला. तेव्हां थॉमस बेट्स या राजदरबारच्या शस्त्रवैद्यानें असें सुचविलें कीं, रोगी गाई जाळाव्या, गोठे धुवून त्यांत धुरी द्यावी व ते कांहीं काळ रिकामे ठेवावे. जाळलेल्या प्रत्येक गाईमागें मालकास ४० शिलिंग देण्याचें ठरलें. त्यामुळें रोग लपविण्यापेक्षां कळविण्यांतच मालकाचें हित राहिलें, आणि कांहीं महिन्यांतच सांथ ओसरली.

पुढें सुमारें दीडशें वर्षांनीं, १८६५ च्या जून महिन्यांत, तोच रोग परदेशी गुरांबरोबर पुन्हा इंग्लंडांत शिरला. या वेळीं निरीक्षकांस रोगी जनावरें मारण्याचा अधिकार मिळाला. परंतु आरंभीं भरपाई मात्र नव्हती. मग गरीब गवळ्यानें काय करावें? संशयित गाय गुपचूप बाजारांत विकून टाकण्याचा मोह त्यास होणारच! अशी गाय जेथें जाई तेथें रोगहि जाई.

अखेर फेब्रुवारी १८६६ मध्यें नवा कायदा झाला. रोगी जनावर मारल्यास त्याची निम्मी किंमत, फार तर २० पौंड. आणि रोग्याच्या सहवासांतील निरोगी जनावर मारल्यास पाऊण किंमत, फार तर २५ पौंड, असें ठरलें. म्हणजे २० पौंडांची गाय रोगी असल्यास १० पौंड व निरोगी असल्यास १५ पौंड मिळत. हा खर्च स्थानिक करांतून होई. १८६७ च्या अखेरीस तेथून रोगाचें उच्चाटन झालें.

या भेदांतील तत्त्व मनन करण्यासारखें आहे. रोगी गाय बहुधा मरणारच असते. निरोगी गाय मात्र शेजाऱ्यांच्या रक्षणासाठीं बळी जाते, म्हणून तिचें मोल अधिक. कांहींच न दिल्यास मनुष्य रोग लपवितो. उलट किंमतीहून अधिक दिल्यास तो निष्काळजी होण्याचें भय. रोग लवकर कळविणाऱ्याचा लाभ व्हावा, हेंच भरपाईचें खरें माप होय.

पुढें उत्तम लस निघाली. भारतांत बुळकांड्याचा शेवटचा रोगी १९९५ सालीं आढळला, आणि २०११ सालीं सर्व जग त्यापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. तथापि गुरांच्या व कोंबड्यांच्या इतर सांथी अजून येतातच. अशा वेळीं ज्याचा गोठा सर्वांसाठीं रिकामा झाला, त्याचा भार सर्वांनीं मिळून उचलावा, हा धडा आपण विसरूं नये.