मद्यार्काचे रेणु जोडणाऱ्या धातूंची झीज

उंसाच्या मळीपासून निघणाऱ्या मद्यार्काच्या, म्हणजे इथेनॉलच्या, रेणूंत कार्बनचे दोन अणु असतात. असे दोन रेणु जोडले कीं चार अणूंचें ब्यूटॅनॉल होतें. तें पाण्याशीं कमी मिसळतें आणि जळण्यांत पेट्रोलच्या अधिक जवळ जातें. ही जोडणी मार्सेल गेर्बे या फ्रेंच रसायनज्ञाच्या नांवानें ओळखली जाते. त्यानें ती १८९९ सालीं मांडली.

तांबें किंवा निकेल मद्यार्कांतील हायड्रोजन सोडवितें, उरलेल्या ॲसिटाल्डिहाइडचे दोन रेणु जुळून पाणी बाहेर पडतें, आणि तोच हायड्रोजन पुन्हां जोडला जातो. धातु यांत खर्च होत नाहीं, असें पुस्तकें सांगतात. तरीही ती निकामी होतेच.

तांबें १०८५ अंशांस वितळतें. भट्टी त्याहून पुष्कळ थंड असते. पण धातूचे अतिसूक्ष्म कण त्याआधींच सरकूं लागतात व पावसाळ्यांतील गुळाच्या भुकटीप्रमाणें एकमेकांस चिकटतात. वजन तेवढेंच, काम करणारा पृष्ठभाग मात्र थोडा. मोजणीची जुनी साखळी वापरानें लांबते, दप्तरांत मात्र ती साखळीच राहते. तसाच हा प्रकार.

दुसरें, ॲसिटाल्डिहाइड दोघांवर थांबत नाहीं. साखळ्या वाढून डांबरासारखा कार्बन धातूवर बसतो. हवा सोडून तो जाळतां येतो व मग हायड्रोजननें धातु पूर्ववत् करतात. परंतु जाळण्याची उष्णता आवरली नाहीं तर कण आणखी चिकटतात. औषधच पहिला रोग वाढवितें.

प्रत्येक जोडणींत पाणी सुटतें, आणि साध्या ऊर्ध्वपातनानें काढलेल्या मद्यार्कांतही शेंकडा चार-पांच भाग तें असतेंच. दाबाखालील ऊन पाण्यानें धातूखालील ॲल्युमिनाचें रूप पालटतें व छिद्रें बुजतात.

गंधक याहून वाईट. पुष्कळ साखर कारखान्यांत रसाला गंधकाचा धूर देतात. त्याचा अंश मळींतून मद्यार्कांत उतरला तर तो निकेल-तांब्यास असा जखडतो कीं सहसा सुटत नाहीं. म्हणून मद्यार्क आधींच शुद्ध करावा लागतो, आणि तो खर्च योजनेंत धरलेला असावा.

भागधारकांच्या सभेंत अशी योजना आली, तर उत्पन्नाचा आंकडा पाहण्यापूर्वीं विचारावें: चांचणी किती तास चालली? शुद्ध मद्यार्कावर, कीं आपल्याच मळीच्या? आणि एकदां जाळून शुद्ध केल्यावर धातूचें काम किती उरलें?